मरणगडाचे तीन भाग आणि एक स्थळ

ह्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवू नये असंच माझंही मत आहे. पण वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आणि दुसऱ्याचं राहिलेलं असताना, मी मरणगडाचे तिन्ही भाग आठ दिवसांत संपवले. आमच्या मंठा तालुक्यात हे काम माझ्याआधी कुणी केलेलं नाही. साक्षीदार म्हणाल तर राधेश्याम आहे, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानवाला. तो सध्या सासुरवाडीला बिकानेरला गेलाय आणि त्याचा फोन लागत नाही, त्याला मी काय करणार.

मरणगड हे त्या खेळाचं खरं नाव नाही. खरं नाव इंग्रजी आहे, आणि ते नीट म्हणायला तोंडात सगळे दात लागतात. टीव्हीला एक काळा डबा जोडायचा आणि दोन शिंगांचं एक यंत्र हातात धरून खेळायचं. एक एकटा शिपाई एका उजाड राज्यात शिरतो आणि मरतो. परत उठतो, परत मरतो. त्यानं जमवलेलं सगळं मेल्या जागी पडून राहतं. ते उचलायला तिथंच जावं लागतं, आणि वाटेत पुन्हा मेलं तर तेही गेलं. मधे मधे दिवे असतात. दिव्यापाशी बसलं की जखमा भरतात, पण तोवर मारलेले सगळे दुश्मनही उठून बसतात, ताजेतवाने होऊन. लोक हे हौसेनं खेळतात. त्यातल्या दोघांचं लग्न जमवायचं काम माझ्याकडं आलं.

पहिला अंगद. आमच्या सोमेश्वरचा मुलगा. सोमेश्वरच्या आणि माझ्या रानाचा बांध एकच. पोरगा मंठ्यात ठिबकच्या नळ्यांचं दुकान चालवतो, व्यसन नाही, रंग बरा, उंची भरपूर. एवढं असून सहा स्थळं गेली, कारण पोरगा बोलत नाही. मुलीसमोर बसवला की फरशी मोजत बसतो. एका मुलीनं विचारलं, तुम्हाला काय आवडतं. हा बराच वेळ विचार करून म्हणाला, "पाणी." मुलीला वाटलं तहान लागली, ती तांब्या आणायला गेली ती बाहेर आलीच नाही.

मी आजवर एक्केचाळीस लग्नं जमवली. त्यातलं एकही मोडलं नाही. एक मोडलं होतं, पण ते मी जमवलंच नव्हतं हे आता दोन्हीकडच्यांना मान्य आहे. म्हणून सोमेश्वर माझ्याकडं आला आणि मी राजूरचं स्थळ काढलं.

मुलगी शीतल. जालन्याला एका बियाण्याच्या कंपनीत कामाला. बी उगवतं का नाही ते तपासून सांगते. आई लहानपणीच गेली, सांभाळ केला आत्यानं. आत्या म्हणजे साळूबाई. शीतलचे वडील संपत हा भला माणूस आहे, पण त्या घरात दार कोणत्या बाजूनं उघडायचं तेही साळूबाईच ठरवते. पोह्यांच्या बशा फिरल्यावर तिनं स्वतःच सांगितलं, की पोरीत काही खोट नाही, फक्त हिला गॅसवरचं दूध बघायला सांगू नका, उतू घालवते. सगळे हसले. मी तिसरी बशी खात होतो. त्या वाक्याकडं मी लक्ष दिलं नाही, आणि एवढी वर्षं मध्यस्थी केलेल्या माणसाकडून ही चूक व्हायला नको होती.

मग रिवाजाप्रमाणं पोरा-पोरीला बोलायला गच्चीवर पाठवलं. दहा मिनिटं देतात. अंगदला पाचसुद्धा जड जातात. वीस मिनिटं झाली तरी दोघं खाली येईनात. अर्धा तास झाला. वरून आवाज येत होता, आणि तो अंगदचा होता. सोमेश्वरचा चहाचा कप हातात तसाच राहिला. म्हणाला, एकतीस वर्षांत एवढं बोलणं मी ह्याचं ऐकलं नाही. दीड तासानं त्यानं मंगल कार्यालय कोणतं बघायचं हा विषय काढला.

आणि मग दोघं खाली आली. अंगदचे कान लाल, शीतलचे ओठ घट्ट मिटलेले. कुणी कुणाकडं बघेना.

परत येताना जीप राजूरबाहेर पडली. मग अंगद म्हणाला, "तिला तिसरा भाग आवडतो."

सोमेश्वरला वाटलं, मुलीला जमिनीत तिसरा भाग पाहिजे. तो जालन्यापर्यंत हिशेब करत राहिला, की आपण तर दोघेच भाऊ. शेवटी मी पोराला खोदून विचारलं तेव्हा कळलं, की मरणगडाचे तीन भाग आहेत, दोघांनीही ते खेळलेत, आणि दीड तास दोघं त्यावरच बोलत होती.

अंगदचं म्हणणं असं, की पहिला भाग तोच खरा. त्यात काही सांगत नाहीत, काही देत नाहीत. समोर एक रस्ता, त्या रस्त्यावर एक राक्षस, तो पडेपर्यंत तुम्ही पुढं जात नाही. दिवे लांब लांब. मेलात की तोच रस्ता परत तुडवायचा. त्यातून माणूस शिकतो. तिसऱ्यात दर चार पावलांवर दिवा, वर घोडाही देतात. ज्यांनी तिथून सुरुवात केली त्यांना मरणगड काय ते कळलंच नाही. आणि हे त्यानं तिला तोंडावर सांगितलं. ती काय म्हणाली, मी विचारलं. ती म्हणाली, की पहिल्या भागात शिकणं बिकणं काही नाही, नुसता हट्ट आहे. एकाच भिंतीवर चाळीस वेळा डोकं आपटायचं. तिसऱ्यात मोकळं रान आहे. एक जण आवरत नसेल तर दुसरीकडं जा, दोन गोष्टी शीक, ताकद घेऊन परत ये.

"अन् मंग ती म्हणाली," अंगद म्हणाला, "तुम्ही हरायला भीत न्हाई. रस्ता बदलायला भिता."

 मग तो खिडकीकडं तोंड करून मला म्हणाला, "आबा, मला तीच पाह्यजे."

आता दुसऱ्या भागाचं काय, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. अंगदनं हात झटकला. दुसऱ्या भागाबद्दल गच्चीवर दीड तासात एकदाही विषय निघाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी साळूबाईचा निरोप आला. पोरगी म्हणते माणूस चांगला आहे, पण जो खेळात असा अडून बसतो तो संसारातही अडून बसेल. साळूबाईला त्यातलं काही कळत नाही, पण भांडणाची सुरुवात लग्नाआधी झालेली तिला चालत नाही. तिनं अट घातली. ज्यानं तिन्ही भाग खेळलेत आणि जो कुणाच्याच बाजूचा नाही, अशा माणसानं समोर बसून सांगावं कोणता चांगला. दोघांनी ते मान्य करावं. मगच ती होकार देईल. मुदत पुढच्या रविवारपर्यंत, कारण सोमवारी चिखलीचं स्थळ बघायला येणार होतं.

अंगदनं दोन दिवस शोधलं. ज्यांनी तिन्ही खेळलेत ते सगळे कुठल्या ना कुठल्या बाजूचे निघाले. एक जण तर आईशी अबोला धरून बसला होता, पण ते वेगळ्या खेळावरून. तेव्हा मी म्हणालो, मी खेळतो.

रविवारी राजूरला देवाचं दर्शन घेऊन आम्ही सगळे मंदिराबाहेरच्या हॉटेलात बसलो. लांब बाकडं होतं. एका टोकाला अंगद, दुसऱ्या टोकाला शीतल, मधे साळूबाई, आणि समोर मी, सोमेश्वर अन् संपत. भजी सांगितली. साळूबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि विचारलं, खेळलात का. मी म्हणालो, खेळलो. तिन्ही? तिन्ही. आणि मग मी त्यांना सांगितलं ते इथं सांगतो, काहीही वाढवलेलं नाही.

राधेश्यामचा डबा मी घरी आणला आणि पहिल्या भागात पहिल्याच दिवशी दोनशे सहा वेळा मेलो. एकूण सहाशे बारा. तिथं दारात एक भालेवाला उभा असतो. तो सोमवारी मला भोसकायचा, मंगळवारी भोसकायचा, बुधवारी मात्र त्यानं मला बघून भाला खाली केला आणि नुसता बाजूला सरकला. त्यालाही काही वाटत असेल. पुढं तो घंटेवाला. पाठीवर देवळाएवढी घंटा घेतलेला राक्षस आहे, ती डोक्यावर आपटतो. सगळे त्याच्या समोर जाऊन लढतात म्हणून मरतात. मी म्हणालो, हा मारका बैल आहे. मारक्या बैलाच्या समोरही उभं राहायचं नाही आणि मागंही नाही. पुढच्या पायाच्या जरा मागं, बरगडीला चिकटून उभं राहायचं, म्हणजे त्याला तुम्हाला मारायला जागाच उरत नाही. मी तसा चिकटलो. तो पाऊण तास गोल फिरला आणि चक्कर येऊन पडला. मी तलवार काढलीच नव्हती.

शीतलनं इथं माझ्याकडं जरा निरखून बघितलं. पण बरगडीची गोष्ट खरी आहे, घंटेवाल्याला तसंच मारतात, हे तिनं स्वतःच मान्य केलं. अंगदनंही मान हलवली. आता मला धीर आला.

मी सांगितलं, की राक्षस पाय आपटतो तेव्हा हातातलं यंत्र थरथरतं. घंटेवाल्याच्या वेळी ते एवढं थरथरलं, की माझा दोन वर्षांचा आखडलेला खांदा मोकळा झाला. मग आमच्या घरच्यांनी ते यंत्र माझ्या हातातून घेतलं, ताकाच्या रवीला सुतळीनं बांधलं आणि मला म्हणाल्या, मरा आता. मी बाराएक वेळा मेलो तेवढ्यात लोणी वर आलं. संपतनं विचारलं, गाईचं का म्हशीचं. मी म्हशीचं म्हणालो.

दुसऱ्या भागाचं थोडक्यात सांगितलं, कारण तो ऐकायला कुणी उत्सुक नव्हतं. त्यात एक वेगळी तऱ्हा आहे. दर वेळी मेलं की आपली आयुष्याची पट्टी थोडी आखूड होते, म्हणजे आपल्यासारखंच. पण दुश्मनालाही तोच नियम: नऊ वेळा मारला की तो परत उठत नाही. त्यालाही मरायचा कंटाळा येतो, हे खेळ बनवणाऱ्यांनी धरलेलं आहे. मी चिकाटीनं एकेकाला नऊ नऊ वेळा मारत गेलो. शेवटी सगळं राज्य असं रिकामं झालं, जसं दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्यांचं गाव होतं. दारं उघडी, चुली थंड, एक कुत्रं नाही. शेवटच्या राजाच्या महालात गेलो तर तो एकटा बसलेला. त्याला बोलायलाच कुणी उरलं नव्हतं. त्यानं मुकुट काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाला असावा, घ्या, कारण ते इंग्रजीत होतं.

अंगद म्हणाला, राजा असा मुकुट देत नाही. शीतल म्हणाली, तुम्ही सगळ्यांना नऊ वेळा मारलं होतं का कधी. अंगद म्हणाला, नाही. मग तुम्हाला काय माहीत, ती म्हणाली. हे ती माझ्याकडं बघून म्हणाली, त्याच्याकडं नाही.

मग तिसरा. मोकळं रान, घोडा, सगळीकडं वाटा. मी पहिले दोन दिवस कुणाशी लढलोच नाही. घोड्यावर बसून नुसतं रान बघितलं. जमीन भारी आहे पण पडीक. पाण्याची सोय कुणी केलेली नाही. चौथ्या डोंगरापलीकडं एक पूल आहे, आणि त्या पुलावर अजगरासारखी एक पंखांची राणी येते, तोंडातून आग ओकते. तिच्यासमोर मी उभा राहिलो. तिनं पंख पसरले, जबडा उघडला, आग घशापर्यंत आली, आणि नेमकी रानातली थ्री फेज लाईट आली.

आता हा आठवडा कोणता होता, ते सांगायला पाहिजे. मोसंबीच्या बागेला दीड महिना पाणी तोडलेलं होतं. ह्याला आमच्याकडं ताण देणं म्हणतात. पानं मलूल होईस्तोवर झाड उपाशी ठेवायचं आणि मग नेमक्या दिवशी पाणी सोडायचं, की झाडाला फूल येतं. तो दिवस चुकला तर त्या वर्षीचा बहार गेला. माझ्या बागेचा तो दिवस हाच होता. राणी काय, आजही आहे अन् उद्याही आहे. मी बटण दाबून तिला तिथंच थांबवलं आणि मोटर चालू करायला गेलो.

इथं मी चहाचा घोट घेतला.

दोन दिवस बागेतच होतो. परत आलो तेव्हा ती तशीच, पंख पसरलेले, जबडा उघडा, आग अर्ध्यावर लटकलेली. आमच्या घरच्यांनी टीव्हीवर फडकं टाकून ठेवलं होतं, बघवत नाही म्हणून. मी फडकं काढून चष्मा लावून तिचं तोंड नीट बघितलं. एवढं निवांत तिच्या तोंडात आजवर कुणीच बघितलं नसणार. उजवीकडचा वरचा सुळा किडलेला होता. मग मी बटण दाबलं, आणि आग यायच्या आत त्या सुळ्यावर एकच घाव घातला. ती गालाला पंख लावून पडली.

अंगद आणि शीतल दोघांनीही मान वर केली होती. आणि दोघं माझ्याकडं नाही, एकमेकांकडं बघत होती. मला वाटलं, सुळ्याची गोष्ट मनाला भिडली. अंगदनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात शीतल बाकड्यावर जरा पुढं सरकली, भज्यांची बशी साळूबाईच्या पुढून त्याच्याकडं ढकलली आणि म्हणाली, "खा."

त्या दिवशी ती त्याच्याकडं बघून बोललेला हा पहिला शब्द. त्यानं खाल्लं. साळूबाई मधेच अडकत होती म्हणून ती उठून समोर माझ्या शेजारी येऊन बसली. बाकड्यावर मधली जागा रिकामी झाली, आणि बशी त्या जागेवर आली.

सोमेश्वरला दम निघेना. म्हणाला, आता निकाल सांगा.

मी सांगितला. म्हणालो, पहिला भाग म्हणजे नुसता ताण. पाणी तोडतो आणि परत सोडतच नाही. झाड जगलं तर जगलं. तिसरा भाग म्हणजे रोज पाणी. झाड हिरवंगार दिसतं, पण फुलाला कारण काय? दुसरा भाग ताणही देतो आणि पाणीही सोडतो. तुमची पट्टी आखूड करतो, पण तुमच्या वाटेवरचे काटेही एकेक करून कायमचे काढू देतो. म्हणून माझ्या मते दुसरा भाग सगळ्यांत चांगला.

"दुसरा?" अंगद म्हणाला.

"दुसरा?" शीतल म्हणाली, त्याच्या शब्दावर शब्द ठेवून.

मग दोघं मिळून मला दुसऱ्या भागाचे दोष सांगायला लागली. एकानं अर्धं वाक्य टाकायचं, दुसऱ्यानं पुरं करायचं. त्यातले दुश्मन कसे घोळक्यानं अंगावर येतात, पायऱ्या कशा कुठूनही कुठंही जातात, आणि तो मडकी फोडणारा बुटका कसा दोघांनाही तीन दिवस छळत होता. अंगद हसला. हे मी पहिल्यांदा बघितलं. त्याला एक दात वाकडा आहे. शीतल म्हणाली, पहिल्या भागातली घंटेवाल्यापर्यंतची वाट तिला तशी आवडते, हे कुणाला सांगू नका. तो म्हणाला, तिसऱ्यातला घोडा बरा आहे.

सोमेश्वर माझ्याकडं बघत होता, मी त्याच्याकडं. बेचाळिसावं जमलं, असं मी मनात म्हणून टाकलं.

साळूबाईनं चहा संपवला. कप पालथा घातला. सगळं बोलणं ती शेजारी बसून ऐकत होती. मी विचारलं, मग काय, होकार समजायचा ना.

"रामराव," साळूबाई म्हणाली, "तो खेळ मधी थांबवता येत न्हाई. तिन्ही भागांत न्हाई. दोन वर्सं झाली, मी ह्या पोरीला म्हणून राह्यले दूध बघ, अन् ती म्हणती आत्या, थांबवता येत न्हाई, सोडलं की मरते. चार पातेली जळाली माझी. अन् तुम्ही राणीला आगीसकट थांबवून दोन दिवस मोसंबीला पाणी देऊन आलात. तुम्ही एकबी भाग खेळला न्हाई. घंटेवाल्याचं तुम्हाला अंगदनंच जीपमधी सांगितलं असंल. अन् हे ह्या दोघांला कवाच कळलंय. बघा की, कसे गप एका बशीत खाऊन राह्यलेत."